जुन्या सिनेमासारखा दिसणारा गेम बनवायचाय? मग आधी दादासाहेब फाळकेंचं आयुष्य वाचा

समजा तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत राहता. घरात पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप आहे. रॅम ४ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि उन्हाळ्यात तो पंख्यापेक्षा जास्त आवाज करतो. डोक्यात मात्र गेम बनवायचं खूळ शिरलंय.

गोडोसारखं गेम इंजिन फुकटात डाऊनलोड होतं. यूट्यूबवर शिकवणारे ढिगाने आहेत. पण चकचकीत थ्रीडी गेम बनवायला घेतला की लॅपटॉप मान टाकतो.

मग कुणीतरी सल्ला देतं, रेट्रो लूक दे.

म्हणजे काय करायचं? गेमचं चित्र मोठ्या आकारात काढायचं नाही, ३२० बाय २४० इतक्या छोट्या आकारात काढायचं आणि मग ताणून पूर्ण स्क्रीनवर दाखवायचं. साध्या फुल एचडी स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ३२० बाय २४० मध्ये फक्त ७६ हजार ८००. म्हणजे लॅपटॉपला बरोब्बर २७ पट कमी ठिपके रंगवावे लागतात. गेम पळायला लागतो, आणि वर नव्वदच्या दशकातल्या गेमचा फील येतो तो वेगळाच.

यातलाच एक लोकप्रिय प्रकार म्हणजे जुन्या मूकपटाचा लूक. काळंपांढरं चित्र, त्यावर ओरखडे, सतत लुकलुकणारा उजेड आणि तुरुतुरु पळणारी माणसं. एक तयार इफेक्ट लावला की काम झालं.

पण थांबा. आपल्याकडे हा मूकपट ज्यांनी उभा केला त्या दादासाहेब फाळकेंचा सिनेमा खरंच असा दिसायचा का?

याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. आपण त्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणून ओळखतो, त्यांच्या नावाचा पुरस्कार कुणाला मिळाला ते पाहतो आणि पुढे जातो. पण हा माणूस मुळात तंत्राचा माणूस होता. तुटपुंज्या साधनांतून डोळ्याला फसवायचं कसं, हे शिकण्यात त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं आणि त्यापायी घरदार पणाला लावलं.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा आणि ठिपक्यांचं शास्त्र

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. गाव नाशिकजवळचं त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे पंडित. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं.

पोराचा ओढा चित्रकलेकडे. १८८५ साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. १८९० च्या सुमाराला त्यांनी फोटोचा कॅमेरा घेतला आणि फोटो काढणं, धुणं, छापणं यात ते बुडाले.

कलाभवनाचे प्रमुख होते प्राध्यापक गज्जर. त्यांनी या मुलाची चिकाटी पाहिली आणि ब्लॉक बनवण्याची कला शिकायला त्याला रतलामला धाडलं.

आता हा रतलामचा टप्पा नीट समजून घ्या, कारण आपल्या गेमचं मूळ इथे आहे.

छापखान्याची अडचण अशी की काळी शाई काळीच छापते. तिच्यात करडा रंग नसतो. कागदावर एक तर शाई लागते, नाही तर लागत नाही. मग फोटोतल्या चेहऱ्यावरची सावली, गालावरचा हलका उजेड छापायचा कसा?

त्यावर तोडगा म्हणजे हाफटोन. बारीक रेघांची जाळी असलेल्या काचेतून फोटोचा फोटो काढायचा. त्यामुळे चित्र ठिपक्यांत फुटतं. जिथे सावली तिथे ठिपके मोठे, जिथे उजेड तिथे बारीक. शाई काळीच राहते, पण लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्याला करडा रंग दिसतो. जुनं वर्तमानपत्र डोळ्याजवळ धरून पाहा, ठिपके दिसतील.

आजचा गेम बनवणारा ज्याला डिदरिंग म्हणतो ती याच कल्पनेची पुढची पिढी आहे. गेममध्ये फक्त चार किंवा सोळा रंग वापरायचे ठरवले, तर मधल्या छटा आणायला दोन रंगांचे ठिपके ठरावीक पद्धतीने शेजारी शेजारी मांडतात. कुठला ठिपका कधी पेटवायचा याचा एक चौकोनी तक्ता असतो, त्याला बायर मॅट्रिक्स म्हणतात. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांनी ही पद्धत १९७३ साली मांडली. पहिल्या प्लेस्टेशनने हीच युक्ती वापरून मोजक्या रंगांत जास्त छटा असल्याचा भास निर्माण केला.

म्हणजे बायर यांच्या कितीतरी आधी, रतलामच्या कारखान्यात बसून एक मराठी तरुण हाफटोन ब्लॉक, फोटो-लिथो आणि तीन रंगांची छपाई शिकत होता. थोड्या साधनांत जास्त दाखवायचं, हा धडा त्यांनी तिथे गिरवला.

प्रोफेसर केल्फा

शिकून झाल्यावर फाळकेंनी गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा टाकला. पण प्लेगाची साथ आली आणि तिने त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेलं. उभा राहू पाहणारा संसार एका फटक्यात संपला.

ते पुन्हा बडोद्याला आले. धंदा जमेना, कारण फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी भीती तेव्हा लोकांच्या मनात होती. याच काळात ते जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतः करू लागले. स्टेजवरचं नाव घेतलं प्रोफेसर केल्फा. फाळके हे आडनाव उलटं फिरवलं की केल्फा.

ऐकायला गंमत वाटते, पण जादूगार एक महत्त्वाची गोष्ट शिकतो. प्रेक्षकाची नजर आत्ता कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे जाणार, हे त्याला कळतं. हातचलाखीपेक्षा हे ज्ञान मोठं असतं.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची सरकारी नोकरी लागली. महिन्याला पगार, घरात दोन घास सुखाचे. पण बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीचं वारं सुटलं आणि फाळकेंनी ती नोकरी सोडली.

लोणावळ्याला छपाईचा उद्योग काढला. राजा रविवर्मा यांच्या प्रेससाठी लिथोची कामं केली. पुढे हा छापखाना मुंबईला दादरला आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले. काम उत्तम चालत होतं. पण भागीदारांशी पटेना आणि एक दिवस फाळके आपल्याच छापखान्यातून बाहेर पडले.

वय चाळिशीचं, घरात मुलं आणि हाताला काम नाही.

१९११ चा एप्रिल आणि अधू झालेले डोळे

एप्रिल १९११ मध्ये ते गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये मुलासोबत सिनेमा पाहायला गेले. पडद्यावर प्राणी हलताना पाहून मुलगा चकित झाला. दुसऱ्या दिवशी ते बायकोलाही घेऊन गेले. ईस्टरचे दिवस असल्याने ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता.

पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळकेंच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण चालू लागले. आपले देव पडद्यावर कधी येणार, या एका प्रश्नाने त्यांना झपाटलं.

पुढचे काही महिने हा माणूस दिवसाचे तासन्‌तास थिएटरात बसला. घरी आला की मिळतील ती पुस्तकं, किमतींची यादी, एक स्वस्तातला जुना प्रोजेक्टर यात गुंग. झोप उडाली. डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं झालं.

ज्याला पडद्यावर चित्र हलवायचंय त्याचे डोळेच गेले, तर? सगळं तिथेच संपलं असतं. सुदैवाने डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. बरं वाटताच ते पुन्हा कामाला लागले.

पैसा हा पुढचा प्रश्न. त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. १९१२ च्या फेब्रुवारीत बोटीने लंडन गाठलं. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते ओळखपाळख नसताना जाऊन धडकले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या भानगडीत पडू नका म्हणून समजावलं, पण जिद्द पाहून मदतही केली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना चित्रण कसं चालतं ते पाहायला मिळालं.

परतताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला कडेने भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नक्की केली. १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत परत आले.

कुंडीतला वाटाणा

यंत्रं आली. आता भांडवल हवं. पण सिनेमा बनवणार म्हटल्यावर पैसे कोण देणार? आधी काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. रोज थोडं थोडं, चित्रामागून चित्र टिपत राहिले. कोंब फुटला, वेल वर चढली. हे सगळं पडद्यावर आलं मिनिटभरात. नाव ठेवलं अंकुराची वाढ. आज आपण मोबाइलवर टाइमलॅप्सचं बटण दाबतो, ते त्यांनी हाताने केलं होतं.

या मिनिटभराच्या चित्राने कर्ज मिळवून दिलं. उरलेल्या पैशांसाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

आणि मग सुरू झाला राजा हरिश्चंद्र.

दादरचा बंगला म्हणजेच स्टुडिओ. दिवसा उन्हात शूटिंग, कारण विजेचे दिवे नाहीत. सावली पडली की सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर टाकायच्या. फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम त्यांचंच. तेही अंधारात, कारण कच्च्या फिल्मला उजेड लागला तर ती वाया. रात्री फिल्म धुवायला हात लावायचा आणि वर सगळ्या लवाजम्याचा स्वयंपाक. भारतातला पहिला फिल्म टेक्निशियन कोण असं विचारलं, तर सरस्वतीबाईंचं नाव घ्यावं लागेल.

तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. रोहिदास झाला फाळकेंचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्या हातात. सिनेमात काम करतो म्हणायची लाज वाटायची, म्हणून ही मंडळी हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगायची. परेश मोकाशींच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलंय.

इथे एक तांत्रिक गोष्ट. त्या काळच्या काळ्यापांढऱ्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू पडद्यावर काळी यायची आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे कपाळावरचं लालभडक कुंकू काळं दिसणार आणि गव्हाळ चेहरा आणखी सावळा. म्हणून त्या काळात नटांच्या तोंडाला फिकट रंगाचा जाड लेप लागायचा.

गेममध्ये मूकपटाचा लूक देताना बहुतेक जण चित्रातला रंग सरसकट काढून टाकतात. तसं केलं की ते मूकपटासारखं दिसत नाही, रंग उडालेल्या मोबाइल फोटोसारखं दिसतं. त्यापेक्षा शेडरमध्ये एक ओळ बदलून पाहा. काळंपांढरं करताना लाल रंगाचं वजन शून्याजवळ आणा आणि निळ्या-हिरव्याचं वाढवा. चेहरे, आकाश, कपडे सगळं एकदम १९१३ मध्ये जातं. ही त्या फिल्मची मर्यादा होती आणि खरी गंमत तिच्यातच आहे.

सहा महिने आणि २७ दिवसांनी ३७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो सगळ्यांसाठी लागला.

हँडल थांबवा, देव प्रकट होईल

फाळके आपला छापखाना आणि आपली जादू दोन्ही सिनेमात घेऊन आले होते.

कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ८ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चित्रं. आता मधेच हँडल थांबवा. सगळे नट जागच्या जागी पुतळे. मोकळ्या जागेत शंकराच्या वेशातला नट आणून उभा करा आणि हँडल पुन्हा फिरवा. पडद्यावर शंकर अचानक प्रकट होतो.

दुसरी युक्ती त्याहून अवघड. फ्रेमचा एक भाग झाकून चित्रण करायचं. मग फिल्म उलटी गुंडाळायची, आधी झाकलेला भाग उघडा करून उघडा झाकायचा आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. दोन वेळा टिपलेली दोन दृश्यं एका चित्रात येतात. यात हँडलचे फेरे मोजण्यात चूक झाली की सगळी फिल्म कचऱ्यात. चूक मागे घ्यायचं बटण नाही आणि निकाल कळणार फिल्म धुतल्यावर.

आज इंजिनमध्ये पहिली युक्ती म्हणजे एखादी वस्तू एका फ्रेमला लपवणं आणि पुढच्या फ्रेमला दाखवणं. दुसरी म्हणजे मास्क लावून दोन थर एकमेकांवर ठेवणं.

१९१३ च्याच अखेरीला मोहिनी भस्मासूर आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले यांनी काम केलं, म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा बायका आल्या. तोवर फाळकेंनी कंपनी नाशिकला हलवली होती. १९१७ मध्ये लंका दहन आला. त्यात अण्णा साळुंकेंनी रामही केला आणि सीताही. १९१८ ला श्रीकृष्ण जन्म, त्यात कंसाला चहूकडे कृष्णच दिसू लागतो. १९१९ ला कालिया मर्दन. त्यातला कृष्ण म्हणजे फाळकेंची मुलगी मंदाकिनी. नदीत उडी, पाण्याखाली नागाशी झुंज, सगळं त्या एका हाती फिरणाऱ्या कॅमेऱ्यावर.

मोठ्या चित्रपटांसोबत ते छोटे प्रयोगही करत होते. आगकाड्यांची मौज हा त्यातलाच एक. आगपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवत एकेक चित्र टिपायचं आणि पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. स्प्राइट ॲनिमेशनचं तत्त्व याहून वेगळं नाही.

हे चित्रपट खेडोपाडी पोचायचे ते फिरत्या खेळांतून. प्रोजेक्टर, पडदा आणि रिळं घातलेली बैलगाडी या गावाहून त्या गावाला. चिखलीला आजही रेल्वे नाही, खामगाव-जालना मार्गाची मागणी जुनीच आहे. तेव्हा अशा गावांपर्यंत सिनेमा यायचा तो रस्त्यानेच. शेतात किंवा यात्रेच्या मैदानात पडदा लागायचा आणि त्यावर देव अवतरला की लोक हात जोडायचे. ज्यांनी कधी सिनेमा पाहिला नव्हता, त्यांच्यासाठी हे चित्र अंधूक नव्हतं. इतकं लख्ख चित्र त्यांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं.

बोलपट आला आणि घड्याळ पुढे गेलं

१९१८ मध्ये फाळकेंनी भांडवलदार भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. पैसा आला, पण हिशेब विचारणारेही आले. पुन्हा भागीदारांशी खटके उडाले. वैतागून ते कंपनी सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. काही काळाने परतले, पण जुनी पकड राहिली नाही.

१४ मार्च १९३१ ला आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. फाळकेंचा सेतुबंधन तेव्हा मूकपट म्हणून तयार होत होता. १९३२ ला तो पुरा झाला, तर मूकपट बघायला कुणी तयार नाही. मग नंतर त्याला आवाज चढवावा लागला. पैसा आणि वेळ दोन्ही गेले.

१९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला. बोलपट म्हणून मुळातून केलेला हा त्यांचा एकच चित्रपट आणि शेवटचाही. तोवर वय ६७ झालं होतं.

ज्या माणसाने जवळपास शंभर चित्रपट आणि शिवाय कितीतरी लघुपट केले, त्याला नव्या तंत्राने काही वर्षांत जुनं ठरवलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब गेले. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, त्या धंद्याला तेव्हा त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली. पहिला मान देविका राणींना मिळाला.

मग ओरखडे कुणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फाळकेंचा सिनेमा धुरकट, ओरखड्यांनी भरलेला आणि धावपळीचा होता का?

त्या काळच्या फिल्मचा पाया नायट्रेटचा. ती भसकन पेट घेते आणि ठेवून दिली तरी कुजते. शेकडो खेळांत रिळं झिजली, काही जळाली, काही हरवली. राजा हरिश्चंद्रची फक्त पहिली आणि शेवटची रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. फाळकेंनी हा चित्रपट १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला होता आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. कालिया मर्दन बराचसा वाचला, त्याचं मोठं श्रेय संग्रहालयाचे पी. के. नायर यांचं.

म्हणजे आपण यूट्यूबवर पाहतो ती झिजलेल्या फिल्मच्या प्रतीची प्रत. तिच्यावरचे ओरखडे आणि डाग शंभर वर्षांच्या हेळसांडीचे आहेत. कोरोनेशनमध्ये पहिल्या दिवशी बसलेल्या प्रेक्षकाला ते दिसले नव्हते.

आणि माणसं पळताना दिसतात ते का? साधं गणित करा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं असतात. सेकंदाला १६ चित्रं धरली तर एक फूट म्हणजे एक सेकंद. ३७०० फूट म्हणजे तासाभराहून थोडं जास्त. पण आज बहुतेक ठिकाणी राजा हरिश्चंद्रची लांबी ४० मिनिटांच्या आसपास दिलेली दिसते. तेच ३७०० फूट बोलपटाच्या, म्हणजे सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चालवले, की साधारण ४१ मिनिटं होतात.

दाबके आणि साळुंके पळत नव्हते, आपण त्यांना पळवतोय.

जुन्या गेमचंही असंच झालंय. कॅसेट घालून खेळायचे ते मारिओ, कॉन्ट्रा आठवा. तेव्हा ते जाड काचेच्या टीव्हीवर दिसायचे. तो टीव्ही शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळायचा. १९९१ च्या सॉनिकमधल्या धबधब्यात उभ्या रेघा आहेत. त्या टीव्हीवर त्या एकमेकींत मिसळून पारदर्शक पाण्यासारख्या दिसायच्या. आजच्या स्क्रीनवर नुसत्या रेघाच दिसतात. बनवणाऱ्याने टीव्हीचा दोष हिशेबात धरून काम केलं होतं. आपण टीव्ही काढून टाकला आणि उरलेल्या रेघांना रेट्रो म्हणू लागलो.

म्हणून इंजिनमध्ये काही करण्याआधी दोन याद्या करा. एकात त्या काळच्या साधनाच्या मर्यादा लिहा. दुसरीत नंतर झालेलं नुकसान.

मूकपटासाठी पहिल्या यादीत येतं, सेकंदाला १६ चित्रं, लाल न दिसणारी फिल्म, एका जागी उभा कॅमेरा, फक्त उन्हाचा उजेड. दुसऱ्या यादीत ओरखडे, डाग, वाढलेला वेग. प्लेस्टेशनच्या लूकसाठी पहिल्या यादीत येतं, कमी ठिपके, मोजके रंग आणि डिदरिंग, थरथरणारे कोपरे, वाकडे होणारे टेक्श्चर. त्या यंत्राला कोपऱ्यांची जागा पूर्णांकातच धरता यायची, म्हणून ते थरथरायचे.

पहिल्या यादीतल्या गोष्टी लावल्या की गेम त्या काळातला वाटतो. दुसरीतल्या लावल्या की तो फक्त खराब झालेला वाटतो. कधी तेही हवं असतं, एखाद्या भुताच्या गेममध्ये सडकी फिल्म शोभून दिसेल. पण मग ते ठरवून केलेलं असावं.

गोडोमध्ये सुरुवात सोपी आहे. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये खिडकीचा आकार ३२० बाय २४० ठेवा, स्ट्रेच मोड व्ह्यूपोर्ट करा, टेक्श्चर फिल्टर निअरेस्ट निवडा म्हणजे ठिपके ताणताना पुसट होणार नाहीत. पात्रांचं ॲनिमेशन सेकंदाला १६ चित्रांवर ठेवा, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद मात्र पूर्ण वेगाने चालू द्या. त्यावर रंगांचा शेडर. एवढं काम तुमचा जुना लॅपटॉप आरामात ओढतो.

दादासाहेबांकडे एक कॅमेरा, थोडी फिल्म आणि ऊन होतं. त्यांनी कधी जुनं दिसावं म्हणून काही केलं नाही. हातात जे होतं त्यातून शक्य तितकं स्वच्छ चित्र काढायचा प्रयत्न केला, डोळे अधू होईपर्यंत. ४ जीबीच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही तेच करावं लागतं. मर्यादा काय आहे ते नीट ओळखायचं आणि तिच्या आत राहून समोरच्याला खिळवून ठेवायचं.

आणि हो, गेम पूर्ण झाला की श्रेयनामावलीत एक नाव सरस्वतीबाईंचंही टाका. अंधारात बसून फिल्मला भोकं पाडणाऱ्या बाईचं नाव पडद्यावर यायला शंभरहून जास्त वर्षं उशीर झालाय.